ऐकणारा कोण?

यहूदाने कबुली दिली होती, हे आपण बहुधा विसरतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 27व्या अध्यायात ती हकिगत आहे. येशूला दोषी ठरवले हे कळल्यावर यहूदा इस्कार्योत पस्तावला. तीस चांदीची नाणी घेऊन तो मुख्य याजकांकडे परत गेला आणि निर्दोष माणसाला धरून देऊन आपण पाप केले, असे त्याने त्यांच्या तोंडावर सांगितले. पश्चात्ताप झाला, पाप बोलून दाखवले, पैसेही परत केले. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना पापनिवेदनाच्या ज्या पायऱ्या आपण शिकवतो, त्यांतल्या बहुतेक सगळ्या तो चढला होता. याजकांनी मात्र हात झटकले. ज्यांनी पैसे मोजून हे सगळे घडवून आणले, तेच त्याला म्हणाले की तुझे तू निस्तर. यहूदाने नाणी मंदिरात भिरकावली आणि जाऊन गळफास घेतला. त्यानंतर याजकांची बैठक बसली. रक्ताचे मोल मंदिराच्या खजिन्यात जमा करता येत नाही, असा नियम निघाला आणि त्या पैशांतून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत विकत घेण्यात आले. कबुली ऐकायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांना हिशेबाचा नियम मात्र बरोबर आठवला.

येशूला धरून दिले त्याच रात्री पेत्रानेही त्याला तीनदा नाकारले होते. प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा असताना त्याला विचारले गेले आणि तो नाही म्हणाला. कोंबडा आरवला, तो बाहेर गेला आणि ओक्साबोक्शी रडला. पेत्राने तोंडाने कबुली दिल्याचे चारही शुभवर्तमानांत कुठे नाही. पुढे पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी पुन्हा एकदा कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासे आहेत, आणि येशू त्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो: माझ्यावर तुझी प्रीती आहे ना? नकार तीन, प्रश्नही तीन. योहानाने कोळशाचा विस्तव दोन्ही ठिकाणी सहज लिहिला असेल, असे मला वाटत नाही.

प्रवचनांतून आपण ऐकत आलो ते असे की, यहूदा निराश झाला आणि पेत्राने आशा सोडली नाही, म्हणून एक बुडाला नि दुसरा तरला. त्यात तथ्य आहे. पण मला त्या प्रसंगात आणखी काही दिसते. यहूदा चुकीच्या माणसांकडे गेला. त्याचे बोलणे घेणारे तिथे कोणी नव्हते. पेत्राला मात्र विचारणाराच शोधत आला. पाप कबूल करून देवाची क्षमा मागणे हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे, हे सगळेच सांगतात. ती कबुली ऐकण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर मात्र गेली दोन हजार वर्षे ख्रिस्ती लोक भांडत आले आहेत. देवाचा एकट्याचा? धर्मगुरूचा? साऱ्या मंडळीचा? की ज्याचे नुकसान झाले त्याचा? पुढच्या पानांत जे आहे, ते या भांडणाविषयी आहे.

हे पुस्तक मी दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिले. एक माझ्यासारखा, लहानपणापासून रांगेत उभा राहून पापनिवेदन करत आलेला आणि आता ती सवय सुटत चालली आहे की काय, असे वाटणारा. दुसरा ख्रिस्ती नसलेला मराठी वाचक, ज्याने हिंदी सिनेमात जाळीच्या पलीकडे बसलेला फादर पाहिला आहे आणि ज्याला मनातून वाटते की हा फारच सोयीचा मामला आहे: शनिवारी सांगायचे, रविवारी मोकळे. दुसऱ्या वाचकाची शंका मला पहिल्याच्या सवयीपेक्षा जास्त मोलाची वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

त्या शंकेचे उत्तर द्यायचे तर दावीदापासून सुरुवात करावी लागते. राजा दावीदाने उरीया हित्तीच्या बायकोला, बथशेबाला, वाड्यात बोलावून घेतले. तिला दिवस गेले. उरीया लढाईवर होता. त्याला रजा देऊन घरी पाठवण्याचा डाव फसला, कारण सोबतचे शिपाई उघड्यावर झोपत असताना आपण घरी जाणार नाही, म्हणून हा गडी राजवाड्याच्या दाराशीच झोपला. मग दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले: उरीयाला घनघोर लढाईच्या तोंडाशी ठेवा आणि मागे सरा. ते पत्र त्याने उरीयाच्याच हातून पाठवले. स्वतःच्या मृत्यूचा हुकूम स्वतः पोहोचवणारा तो निष्ठावान माणूस बायबलमधल्या सगळ्यांत करुण व्यक्तींपैकी एक आहे, आणि त्याच्यावर प्रवचन मी क्वचितच ऐकले आहे.

पुढे नाथान संदेष्टा येतो. तो दावीदावर आरोप करत नाही, गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकुलती एक मेंढी होती. त्याच्याच ताटात खायची, त्याच्या कुशीत निजायची. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपल्या कळपातले जनावर न कापता गरिबाची मेंढी ओढून नेली. दावीद संतापतो. असल्या माणसाला मरणच हवे, मेंढीच्या बदल्यात त्याने चौपट भरून द्यावे, असा निवाडा देतो. आणि मग नाथान त्याच्याकडे बोट दाखवतो. न्यायाधीश आणि आरोपी एकच निघतात. दावीदाची कबुली मूळ हिब्रूत अवघ्या दोन शब्दांची आहे. सबबी नाहीत, परिस्थिती अशी होती वगैरे नाही.

परंपरेने 51वे स्तोत्र याच प्रसंगाशी जोडले आहे. प्रायश्चित्ताची म्हणून मानलेली जी सात स्तोत्रे आहेत, त्यांत हे सगळ्यांत जास्त म्हटले जाते. उपवासकाळात वसईपासून अहमदनगरपर्यंत आणि रोमपासून मॉस्कोपर्यंत ते ऐकू येते. त्यात एक ओळ अशी आहे की, दावीद देवाला म्हणतो, मी फक्त तुझ्याविरुद्ध पाप केले. लहानपणी ती पाठ करताना काही वाटले नाही. आता दर वेळी तिथे अडखळायला होते. फक्त देवाविरुद्ध? मग उरीयाचे काय? भाष्यकार त्याचे स्पष्टीकरण देतात: प्रत्येक पाप शेवटी देवाने घडवलेल्या माणसाविरुद्ध, म्हणून देवाविरुद्धच असते, दुखावलेल्या माणसाचा पाठीराखा देव आहे. स्पष्टीकरण मला पटते, पण पूर्ण समाधान होत नाही. समाधान झाले ते भलतीकडेच. नव्या कराराचे अगदी पहिले पान, मत्तयने दिलेली येशूची वंशावळ. नावांची ती लांबलचक यादी बहुतेक जण वगळून पुढे जातात. तिथे शलमोनाच्या आईचे नाव बथशेबा असे लिहिलेले नाही. उरीयाची बायको, असे लिहिले आहे. दावीदाला क्षमा मिळून शतके लोटली होती, त्याच्या घराण्यात मशीहा जन्मला होता, आणि तरी त्या वंशावळीत खून झालेल्या माणसाचे नाव लिहिणाऱ्याने ठेवलेच. क्षमा म्हणजे नोंद खोडणे, असे मानणाऱ्यांनी ते पान एकदा पाहावे.

उधळ्या मुलाची गोष्ट इतकी परिचित आहे की तिच्यावर मी थोडेच लिहिले आहे. एक बारकावा तेवढा सांगतो. डुकरे चारताना मुलाने बापासमोर काय बोलायचे ते मनात जुळवून ठेवलेले असते: मी पाप केले, मी तुमचा मुलगा म्हणवायला लायक नाही, मला मजुरासारखे ठेवा. घरी आल्यावर तो बोलू लागतो, पण मजुरीचे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. बापाने त्याआधीच नोकरांना अंगरखा, अंगठी आणि जोडे आणायला सांगितलेले असते. आणि बाप धावत निघाला, तो मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच. म्हणजे क्षमा आधी निघाली, कबुली मागून पोहोचली. ख्रिस्ती धर्मशास्त्राने या विषयावर जे ग्रंथ रचले, त्यांतला बराचसा भाग या दोन गोष्टींचा क्रम नेमका कसा लावायचा, याच खटाटोपाचा आहे.

गांधीजींच्या आत्मकथेतला एक प्रसंग मराठी वाचकाला इथे आठवेल. पंधराएक वर्षांच्या मोहनने भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. बोलण्याचे धैर्य होईना, म्हणून चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, डोळ्यांतून पाणी आले, कागद भिजला, आणि त्यांनी तो फाडून टाकला. पुढे गांधीजींनी जो निष्कर्ष काढला, त्यातला एक अंश माझ्या प्रश्नाला येऊन भिडतो: ज्याला कबुली स्वीकारण्याचा अधिकार आहे, त्याच्यापुढे ती दिली पाहिजे. कड्याचा मालक भाऊ होता. चिठ्ठी गेली वडिलांकडे. यावर विचार करावा तेवढा थोडा आहे.

पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीने याचे उत्तर अगदी रोखठोक दिले होते: ऐकणार सगळी मंडळी. खून, व्यभिचार, धर्मत्याग असली मोठी पापे केलेल्याला गोणपाट नेसून, राख फासून सर्वांसमोर उभे राहावे लागे. पुष्कळ ठिकाणी बाप्तिस्म्यानंतर अशी संधी आयुष्यात एकदाच मिळे. सम्राट डेसिअसने 250च्या सुमारास रोमन देवांना बळी द्यायचा हुकूम काढला, तेव्हा हजारो ख्रिस्ती लोक घाबरून वाकले; काहींनी बळी न देताच लाच देऊन दाखला मिळवला. असे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवर आजही वाचता येतात. छळ ओसरल्यावर हे लोक परत यायला निघाले. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्यापुढे पेच पडला, कारण तुरुंगात मार खाल्लेले विश्वासू लोक या घाबरलेल्यांना सरसकट शिफारसपत्रे देऊ लागले होते. रोममध्ये नोव्हेशियनच्या पंथाने तर ठाम सांगितले की, असल्यांना परत घ्यायचेच नाही. मंडळी फुटली. चर्चने शेवटी सिप्रियनची मधली वाट धरली: दार बंद करायचे नाही, पण उंबरठाही काढून टाकायचा नाही.

यातला सर्वांत गाजलेला प्रसंग 390 सालचा. थेस्सलनीकात दंगल होऊन एक सेनाधिकारी मारला गेला. रागाच्या भरात सम्राट थिओडोसियसने नागरिकांवर सैन्य सोडले आणि हजारो माणसे कापली गेली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले, चारचौघांत वाचले जाऊ नये म्हणून. त्यात दावीद आणि नाथान यांची गोष्ट होती. प्रायश्चित्त केल्याशिवाय तू समोर असताना मला मिस्सा अर्पण करता येणार नाही, असा पत्राचा आशय. सम्राटाने राजचिन्हे उतरवली आणि चर्चमध्ये सर्वांदेखत रडून क्षमा मागितली. सत्ताधाऱ्याने जाहीर माफी मागितल्याची उदाहरणे इतिहासात मोजकीच सापडतात, म्हणून हे लक्षात राहते. थेस्सलनीकाच्या विधवांकडे मात्र कोणी गेले होते का, याबद्दल जुन्या लेखकांनी अवाक्षर लिहिलेले नाही.

हे जाहीर प्रायश्चित्त इतके कडक होते की लोक ते मरणाच्या दारापर्यंत पुढे ढकलू लागले. मोकळीक आली ती आयर्लंडच्या मठांतून, सहाव्या शतकापासून. तिथले संन्यासी एकमेकांना खाजगीत पाप सांगत आणि पुन्हा पुन्हा सांगत. त्यांनी दरपत्रके तयार केली: अमुक पापाला इतके दिवस भाकरी-पाण्यावर, तमुक पापाला इतकी वर्षे. आज ती वाचताना हसू येते, पण त्यांत एक शहाणपण होते. एकाच पापाला सामान्य माणसापेक्षा धर्माधिकाऱ्याला जास्त शिक्षा असे. नंतरच्या काळात उपासांच्या बदल्यात स्तोत्रपठण आणि पुढे पैसे अशी पळवाट निघाली. पुढच्या अनर्थाचे मूळ तिथेच होते.

1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने नियम घालून दिला की, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्री-पुरुषाने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे. त्याच नियमात ऐकणाऱ्यालाही तंबी दिली होती. ऐकलेले शब्दाने, खुणेने, कसल्याही प्रकारे फोडले, तर त्याचे पद जाईल आणि त्याला जन्मभर कडक मठात ठेवले जाईल. जाळीची ती प्रसिद्ध पेटी मात्र पुष्कळ नंतरची, सोळाव्या शतकातली. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी ती रूढ केली. त्यामागे गूढ असे काही नव्हते. धर्मगुरू आणि निवेदन करणारी स्त्री यांच्यामध्ये आडपडदा असावा आणि तरीही दोघेही चर्चमध्ये सर्वांना दिसत राहावेत, एवढी व्यवहारी काळजी. म्हणजे ऐकणाऱ्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे चर्चला साडेचारशे वर्षांपूर्वीच कळलेले होते.

मार्टिन ल्यूथर तरुणपणी एरफुर्टच्या मठात तासन्‌तास पापनिवेदन करत. बाहेर पडल्यावर एखादे पाप आठवले की पुन्हा आत. त्यांचे वरिष्ठ स्टाउपिट्झ या बारीकसारीक यादीने वैतागून जात. 1517 साली ल्यूथरांनी क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध 95 प्रबंध मांडले. पहिल्याचा आशय असा की, ख्रिस्ती माणसाचे अख्खे आयुष्य पश्चात्ताप असायला हवे. अनेकांना वाटते की त्यांनी पापनिवेदनच मोडीत काढले. तसे नाही. खाजगी निवेदन त्यांना हवे होते, सक्ती आणि खरेदी-विक्री नको होती. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी पुढे ते हळूहळू सोडले आणि रविवारच्या उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायची पापांगीकाराची प्रार्थना तेवढी ठेवली. सर्वांनी मिळून म्हटले की कोणाचेच नाव निघत नाही, ही त्यातली सोय. ती सोय जर्मनीतल्याच एका ल्यूथरन पाळकाला खुपली. नाझी काळात डीट्रिख बोनहॉफर यांनी फिंकनवाल्डे येथे चालवलेल्या पाळकांच्या प्रशिक्षणशाळेत विद्यार्थ्यांना एकमेकांपाशी पाप कबूल करायला सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: देवाला एकट्याने सांगतो, असे वाटते तेव्हा आपण बहुधा स्वतःलाच सांगत असतो आणि स्वतःच स्वतःला माफ करून मोकळे होतो. समोर हाडामांसाचा भाऊ बसलेला असला की ही फसवणूक चालत नाही. गेस्टापोने ती शाळा 1937मध्ये बंद केली. 1945च्या एप्रिलमध्ये बोनहॉफर यांना फाशी दिले.

महाराष्ट्रात हा विषय पंडिता रमाबाईंना वगळून लिहिता येणार नाही. ज्या घरात त्या वाढल्या, तिथे तीर्थयात्रा, उपास, दानधर्म यांनी पाप फिटते अशी निष्ठा होती, आणि त्याच वाटेवर दुष्काळात आई-वडील भुकेने गेले. इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागात ज्यांना समाज पतित म्हणत असे अशा स्त्रियांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले. ख्रिस्ती लोक या स्त्रियांची एवढी काळजी का घेतात, असे त्यांनी तिथल्या भगिनीला विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्या गोष्टीत येशू त्या बाईचे सगळे आयुष्य तिच्यापुढे मांडतो, पण तिला खाली मान घालायला लावत नाही. ती गावात धावत जाते आणि लोकांना सांगते की, माझे सगळे केलेसवरलेले सांगणारा माणूस या आणि पाहा. रमाबाईंच्या मनाने तिथे वळण घेतले. 1883मध्ये बाप्तिस्मा झाला, तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षे लागली, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या वारंवार एकच सांगतात: माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हवाली करणार नाही. पाप मान्य करणारी, पण ऐकणाऱ्याच्या अधिकाराची खात्री करून घेणारी ही बाई.

त्यांच्याच केडगावच्या मुक्ती सदनात 1905च्या जूनमध्ये जे घडले, त्याची हकिगत मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवली आहे. रात्री मुलींच्या खोलीत प्रार्थना चालू असताना एका मुलीभोवती दुसरीला जाळ दिसला. तिने धावत जाऊन पाण्याची बादली आणली आणि ओतणार तोच लक्षात आले की काहीच पेटलेले नाही. त्यानंतर कित्येक दिवस मुली मोठमोठ्याने रडत, आपापली पापे बोलत होत्या. यांतल्या पुष्कळ जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. हे वाचताना माझे मन दुभंगते. त्या मुलींनी जगाकडून एवढे सोसले होते, त्यांनीच रडून क्षमा मागावी? आणि त्यांना उपाशी मारणाऱ्या व्यवस्थेने कोणापुढे कबुली दिली? पण दुसऱ्या बाजूने असेही वाटते की, ज्यांच्या बोलण्याला तोवर कोणी किंमतच दिली नव्हती, त्यांना तिथे पहिल्यांदा वाटले असेल की आपले बरेवाईट देवाच्या दरबारी मोजले जाते. हे प्रकरण लिहिताना मी कोणत्याही एका बाजूला झुकू शकलेलो नाही.

नारायण वामन टिळकांची वाट वेगळी होती. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. स्वतःला पतित म्हणवून विठोबाशी हुज्जत घालण्याची आपल्या संतांची तऱ्हा मराठी ख्रिस्ती भजनांत उतरली ती टिळकांमुळे. मराठी माणसाला क्षमा मागताना देवाशी थोडे भांडावेसे वाटते. ही लकब आपल्या उपासनेने जपली, याचे मला कौतुक आहे.

वसईत आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात पापनिवेदनाचा दिवस ठरलेला असतो. आजूबाजूच्या धर्मग्रामांतून चार-पाच फादर येतात, कारण आपल्या गावच्या फादरला सांगायला लोक संकोचतात. पेट्या दोनच; म्हणून कोणी व्हरांड्यात, कोणी साक्रिस्तीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. गळ्यात जांभळी स्टोल, हात कपाळाला टेकलेला, नजर जमिनीकडे. रांगेत लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, बँकेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेले बाप्ये, मोबाइल खिशात कोंबलेली पोरे. म्हाताऱ्या कादोडीत बोलतात आणि परगावचा फादर मराठीत उत्तर देतो. निम्मे कळत नसावे, पण दोघांचीही तक्रार नसते. काही आज्या स्वतःची पापे सोडून सुनेची सांगतात, हा आमच्याकडचा जुना विनोद. पहिल्या पापनिवेदनाला आलेली मुले तर पापे उसनी घेतात. मागच्या बाकावरचा पुढच्याला विचारतो, तू काय सांगणार? आईला उलट बोललो, भावाला मारले, चोरून साखर खाल्ली. साखर आमच्या वर्गात सर्वांनीच खाल्लेली होती. गुडघ्याखालची फळी इतक्या वर्षांत मधोमध झिजून गुळगुळीत झालेली असते, आणि जाळीतून धर्मगुरूच्या श्वासाला येणारा दुपारच्या चहाचा वास लपत नाही. क्षमेचे शब्द देवाच्या नावाने उच्चारणारा माणूस आपल्यासारखाच दमलेला आहे, हे त्या वासाने मला लहानपणीच शिकवले.

रांग आता आखूड झाली आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर 1973 साली विधीचे नवे रूप आले. समोरासमोर बसून बोलण्याची मुभा आली, सामुदायिक प्रायश्चित्तविधी आला. तरीही लोक कमी येतात. काही जण समुपदेशकाकडे जातात, आणि पुष्कळांना तिथे जास्त नीट ऐकून घेतले जाते, हेही खरे. समुपदेशक समजून घेतो, गाठी सोडवतो. क्षमा झाली, असे मात्र तो म्हणू शकत नाही, आणि चांगला असेल तर म्हणतही नाही.

आता मूळ शंकेकडे. देवाने क्षमा केली, पण ज्याचे वाटोळे झाले त्याचे काय? येशूने स्वतः याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच टाक आणि आधी त्याच्याकडे जा, असे डोंगरावरच्या प्रवचनात आहे. यरीहोचा जकातदार जक्कय उंबराच्या झाडावरून खाली उतरतो आणि येशू त्याच्या घरी जेवायला जातो. तेव्हा जक्कय काय बोलतो पाहा. तो पापांची यादी देत नाही, डोळे पुसत नाही. निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो, असे सांगतो. चौपट. नाथानची गोष्ट ऐकून दावीदाने श्रीमंताला फर्मावलेला दंड तोच होता. दावीदाला तो उरीयाला भरता आला नाही, कारण उरीया उरला नव्हता. जक्कयाला लोक माहीत होते, वह्या घरात होत्या.

आणि म्हणूनच गेल्या काही दशकांत चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांची जी प्रकरणे बाहेर आली, ती या पुस्तकाला टाळता येत नाहीत. 2018 साली केरळमध्ये ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर पापनिवेदनातली माहिती वापरून एका विवाहितेला धमकावल्याचा आरोप झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. चर्चच्या सर्व शाखांतून निषेध उमटला. प्रथा बंद व्हावी असे मलाही वाटत नाही, पण त्या निषेधात त्या बाईविषयी जितके बोलले गेले, त्याहून कितीतरी जास्त प्रथेविषयी बोलले गेले, हे मला खटकले. ऑस्ट्रेलियात शाही आयोगाने 2017मध्ये सांगितले की, बालकावरच्या अत्याचाराची माहिती पापनिवेदनात मिळाली तरी ती पोलिसांना देणे बंधनकारक असावे. आपल्याकडे पॉक्सो कायद्याच्या 19व्या कलमाने माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. कॅथलिक चर्च ठाम आहे: निवेदनाची गोपनीयता कोणत्याही कारणाने मोडता येणार नाही, आणि मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो.

गोपनीयतेची बाजू मला कळते. ती गेली तर गुन्हेगार पेटीकडे फिरकणारच नाही, आणि ज्या एका ठिकाणी त्याला थांबवण्याची शक्यता होती, तीही जाईल. जिथे माझे जुळत नाही, ती जागा वेगळी आहे. जून 2019मध्ये व्हॅटिकनच्या संबंधित न्यायालयाने काढलेल्या टिपणात म्हटले आहे की, पोलिसांच्या स्वाधीन होण्याची अट घालून पापविमोचन अडवता येणार नाही. मला ते पटत नाही. चोराला चोरीचा माल परत कर म्हणून सांगता येते, निंदा करणाऱ्याला निंदा मागे घे म्हणून सांगता येते. मग मुलाचे बालपण लुटणाऱ्याला, जा आणि ज्यांचा तुला जाब विचारण्याचा हक्क आहे त्यांच्यापुढे उभा राहा, एवढे का सांगता येऊ नये? देवाच्या क्षमेवर अट घालावी, असे माझे म्हणणे नाही. पश्चात्ताप खरा आहे की नाही हे पाहण्याचे काम ऐकणाऱ्याचे आहे, आणि तुरुंग टाळून केलेला पश्चात्ताप मला तरी पूर्ण वाटत नाही.

माझ्या ओळखीच्या दोन धर्मगुरूंनी हे हस्तलिखित वाचून या मुद्द्यावर मला चांगलेच फैलावर घेतले. अट घातली की संस्काराचे न्यायालय होते, आणि उद्या कोणतेही सरकार कोणत्याही अपराधासाठी तीच अट मागेल, असे त्यांचे म्हणणे. ते त्यांच्याच शब्दांत, कापाकापी न करता, शेवटच्या प्रकरणात छापले आहे. त्याला मी उत्तर दिलेले नाही.